टायपिस्टचा पावसाळा

राजोडीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या, की माझे पाय अजून तिकडे वळतात. वाळूवर ओंडके टाकून, वीस-वीस माणसं लावून होड्या वर आणतात आणि त्यांच्यावर माडाची झापं घालतात. पुढचे तीन महिने समुद्राकडे कामासाठी कुणी जात नाही. कोळी घरांत हा जाळी विणण्याचा, लग्नं ठरवण्याचा, निवांत झोपण्याचा काळ. परवा संध्याकाळी मी त्या बाजूला गेले होते. झापांखाली दोन कुत्री झोपली होती, एक म्हातारा दोराला डांबर लावत होता. आकाशात ढग नव्हता. तरी मला वाटलं, उशीर झाला. पुन्हा उशीर झाला.

काही ऋतू दरवर्षी येतात आणि दरवर्षी वेगळे असतात. माझा पावसाळा मात्र एकाच वर्षात अडकून पडला आहे.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. डॅडी मालवाहू बोटीवर स्टुअर्ड होते. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर, उरलेले वसईतल्या सांडोरला, आमच्या केळीच्या वाडीत. बोटीवर जाणारे इतर घरांतले बाप परत येताना कॅसेट प्लेअर आणत, साबणाच्या वड्या आणत. डॅडींच्या बॅगेतून हवेचा पंप निघे, रबराच्या नळ्या निघत, टॉवेलात गुंडाळलेला पांढराफेक पोवळ्याचा दगड निघे. आई कपाळाला हात लावून म्हणे, "लोक सोनं आणतात. ह्या माणसाला दगड गावतात."

कुठल्याशा दूरच्या बंदरात त्यांनी उथळ पाण्याखाली जिवंत प्रवाळ पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: समुद्राचा एक तुकडा घरात, काचेच्या आत, जिवंत ठेवायचा. बैठकीच्या खोलीत अल्तारच्या, म्हणजे आमच्या देव्हाऱ्याच्या, शेजारी अडीच फुटांची टाकी उभी राहिली. लोखंडी चौकट, सांध्यांत लांबी भरून बसवलेल्या काचा, आणि खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून चौकटीला बोटीवरच्या लाल रंगाचे तीन हात. आत वाळू, दगड, गोट्याएवढं एक समुद्रफूल, दुसऱ्यांचे शंख पाठीवर घेऊन फिरणारे तीन शंखखेकडे. आणि टायपिस्ट.

टायपिस्ट म्हणजे एक कोळंबी. बोटभर लांब, मातकट हिरवी, दिसायला अगदी सामान्य. पण तिचा एक नांगा दुसऱ्याच्या तिप्पट होता. तो मोठा नांगा मिटताना ती टक् असा आवाज काढी. लहानसा नव्हे. पडवीत बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असा. पहिल्यांदा तो ऐकून आईनं पाखडत असलेलं डाळीचं सूप हातातून टाकलं होतं. तिला वाटलं, काच तडकली. डॅडी हसून हसून खोकायला लागले. "टायपिस्ट आहे ती," ते म्हणाले. "सर्टिफिकेट नाही, पण स्पीड बघ."

संध्याकाळी रोझरीला आम्ही गुडघ्यावर बसलो, की नेमकं 'नमो मरिये'च्या मधोमध टक्. आई डोळे मिटूनच म्हणे, "हिला पण माळ द्या एक." मला हसू आवरत नसे. आता विचार केला की वाटतं, आमच्या घरात सगळ्यांत मोकळेपणानं बोलणारी तीच होती. डॅडी दोन महिन्यांचे पाहुणे. आई कामात. आणि मी कॉन्व्हेंटच्या शाळेत शिकलेली, मनात आधी इंग्रजीत वाक्य जुळवून मग ते मराठीत आणणारी. ते येईपर्यंत समोरचं माणूस निघून गेलेलं असे.

एक जाड वही होती. तिच्या चौकटीच्या कागदांवर डॅडींनी पडवीत बांधायच्या मोठ्या टाकीचा नकाशा काढला होता. पाच फुटांची, सिमेंटच्या ओट्यावर. दगड कसे रचायचे, ऊन कुठून येईल, पाणी कुठून सांडून कुठे गाळलं जाईल. प्रत्येक कपारीला बाण, आणि बाणाच्या टोकाला राहणाऱ्याचं नाव. बोटीवरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात ते त्या नकाशात काहीतरी बदलत. मी पेन्सिलीनं ते बदल वहीत करी. आमच्यात बोलणं असं ते एवढंच.

फेब्रुवारीत जाताना त्यांनी मला टाकीसमोर उभं केलं.

"मे महिन्याच्या आत राजोडीच्या कुणाला तरी सांग. किनाऱ्याचं पाणी नको, होडी आत जाते तिथलं हवं. दहा बरण्या. फडकं बांधून अंधारात ठेवायच्या. पावसात समुद्र आपला राहत नाही, कळलं? खाडीचा गाळ, नद्यांचं गोडं पाणी, सगळं त्यात येतं. बरण्या असल्या की आगेरापर्यंत चिंता नाही. आगेराला मी येतोच."

आगेरा म्हणजे आमच्याकडे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायचा सण, ऑक्टोबरच्या सुरुवातीचा. मी मान हलवली.

"टायपिस्ट तुझ्यावर सोपवली," ते म्हणाले.

काम अवघड नव्हतंच. राजोडीची कातरीन मावशी रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन आमच्या दारात येई. तिचा नवरा होडीवर होता. एक वाक्य बोलायचं होतं. पण माणसाकडे समुद्राचं पाणी मागायचं कसं? ती हसेल. गावभर सांगेल, स्टुअर्डची पोरगी पाणी विकत घेते. मी रोज रात्री ठरवी आणि सकाळी दाराआड उभी राही.

"काय इंग्लिश मॅडम, आज बोंबील का मांदेली?" ती विचारी.

"आईला विचारते," मी म्हणे. एवढंच जमे.

मार्च गेला. एप्रिलमध्ये परीक्षा होती, तिचं निमित्त झालं. मे महिन्यात निमित्तही नव्हतं. माणूस स्वतःच्या लाजेला किती सभ्य नावं देतो! मी तिला अभ्यास म्हटलं, मग ऊन म्हटलं, मग उद्या म्हटलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात अखेर दोन कॅन घेऊन चालत राजोडीला गेले, तेव्हा होड्या वाळूवर होत्या आणि कातरीन मावशी त्यांच्या सावलीत जाळं पसरून बसली होती.

"आता?" ती म्हणाली. "आता कोन जाल पान्यात? पोरी, रोज तुमच्या दारावर येते मी. तोंड नाय तुला?"

मी दोन्ही कॅन तसेच रिकामे घेऊन परत फिरले. 

त्याच सुमारास डॅडींची पत्रं थांबली. आधी वाटलं, टपाल लांबलं असेल. जून संपला. जुलैत आई मुंबईला कंपनीच्या ऑफिसात जाऊन आली. कारकून म्हणाला, बोट बंदरात उभी आहे, काळजीचं कारण नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा गेली तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारच्या गाळ्यातला माणूस म्हणाला, ते लोक सोडून गेले. आई घरी येऊन भिजलेली साडी न बदलता बाकावर बसून राहिली. मग मला म्हणाली, "कुणी विचारलं तर पत्र आलं सांग." मी हो म्हटलं.

टाकीच्या आत टक् झालं.

मी रसायनशास्त्र शिकत होते. नवस, शकुन यांवर माझा विश्वास नव्हता; निदान मी तसं सांगत असे. पण त्या क्षणापासून माझ्या मनात एक हिशेब पक्का झाला, आणि तो मी कुणाला सांगितला नाही. डॅडी येईपर्यंत टायपिस्ट जगली पाहिजे. ती जगली तर ते येतील. मग मी दिवसभर तिचा आवाज मोजायला लागले. कॉलेजातून आल्याबरोबर चपला काढायच्या आधी टाकीजवळ उभी राही. एक टक् ऐकला की मग श्वास.

टाकीतलं पाणी पिवळट पडत चाललं होतं. समुद्रफूल आकसून सुपारीएवढं झालं. किनाऱ्यावरून बादलीभर पाणी आणून पाहिलं, तर ते चहासारखं. खारेपणा मोजायची काचेची नळी त्यात तरंगेना, सरळ तळाला गेली. बरण्या हव्या होत्या. दहा बरण्या. मागच्या खोलीतल्या कोनाड्यात त्या ओळीनं उभ्या होत्या, धुतलेल्या, फडकी बांधलेल्या, रिकाम्या.

मग मला सुचलं, आणि सुचल्याबरोबर इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. समुद्र म्हणजे पाणी आणि मीठ. वसईत मिठाला काय तोटा? इथली मिठागरं समुद्राच्याच पाण्याची. ज्या पाण्याचं मीठ झालं, त्या मिठाचं पुन्हा पाणी करायचं. पुस्तकातलं प्रमाण काढलं, गुणाकार केले, जाड्या खड्यांच्या मिठाची गोणी आणवली, विहिरीचं पाणी शेंदलं. कुणाला काही मागावं लागलं नाही, हे सगळ्यांत बरं होतं.

"कैऱ्यांचा हंगाम गेला," आई म्हणाली. "लोणचं कसलं घालतेस?"

"समुद्र करतेय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "कर बाई. मोठा कर. म्हणजे तुझ्या डॅडीची बोट सरळ वाडीतच लागेल."

काचेची नळी पाण्यात सोडली. ती डुलली, स्थिर झाली. आकडा अगदी बरोबर होता. तो आकडा बघून झालेलं समाधान मला अजून आठवतं, आणि त्याची अजून लाज वाटते. अर्धी टाकी मी त्या पाण्यानं भरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक शंखखेकडा शंखाबाहेर होता. त्याचं मागचं अंग किती मऊ असतं, ते मी तोवर पाहिलं नव्हतं. फिकट, वाकडं, बाळाच्या करंगळीसारखं. शंख शेजारीच पडला होता, पण तो आत जाईना. दुपारपर्यंत दुसराही बाहेर आला. स्वतःचं घर सोडून ती दोघं उघडी वाळूवर पडून राहिली. मी चमच्यानं शंख त्यांच्यापुढे सरकवत राहिले. घ्या ना, आत जा ना. मी मोठ्यानं बोलत होते. मला कुणाशी इतकं बोलता आलेलं आठवत नाही.

त्याच आठवड्यात वीज गेली. पंप थांबला, बुडबुडे थांबले. पावसात खांब पडला होता. दीड दिवस वीज आली नाही. रात्रंदिवस मी आणि आई आळीपाळीनं टाकीतलं पाणी वाटीनं उचलून उंचावरून पुन्हा टाकीत सोडत होतो, म्हणजे त्यात हवा मिसळेल. हात भरून येत. आई म्हणाली, "एका कोळंबीसाठी!" आणि वाटी खाली ठेवली नाही. तेव्हा मला कळलं, तो हिशेब फक्त माझा नव्हता.

कातरीन मावशी आता सुकी मासळी घेऊन येत असे. कोपऱ्यातली गोणी बघून तिनं विचारलं, एवढं मीठ कशाला? आई घरात नव्हती. मला बोलावंच लागलं. मी सांगितलं: प्रमाण, आकडा, सगळं. ती पाटी खाली ठेवून उकिडवी बसली.

"माझं माहेर मिठागरावरचं," ती म्हणाली. "माझ्या बापानं जन्मभर मीठ ओढलं. मीठ धरलं का खाली पानी ऱ्हातं, ठाव हाय तुला? कडू. जिभेला लावशील तर थुंकशील. ते कोन ठेवीत नाय, बांधाचं दार खोलून सोडून देतात. तवाच मीठ गोरं येतं. तू आनलं ते आम्हाला खायाचं मीठ. दर्यातलं बाकी सगलं तं त्या कडू पान्यात गेलं."

ते ऐकल्याबरोबर मला पुस्तकातली पुढची पानं आठवली. समुद्रात नुसतं मीठ नसतं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. कॅल्शियम, मॅग्नेशियम. कवच घट्ट व्हायला लागतं ते सगळं. आमच्याकडे शेकडो वर्षं माणसं ते कडू पाणी बाजूला काढून टाकतात, अंगणात खेळणाऱ्या पोरांनाही ते ठाऊक असतं. आणि मला माझ्याच गावच्या मिठात काय नसतं, ते विचारायचं सुचलं नाही. कारण विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं.

"होईल का काही आता?" मी म्हटलं.

"नारळी पुनव होऊन होडी जाऊं दे. पयल्या दिशी कॅन भरून आनते मी. तवर तग धराला सांग तिला."

पौर्णिमेला अकरा दिवस होते.

सातव्या दिवशी आवाज थांबला. आठव्या दिवशी सकाळी दगडापाशी ती आडवी पडलेली दिसली. डोळे, मिशा, मोठा नांगा, सगळं जिथल्या तिथे. मी हात पाण्यात घातला. उचललं तर त्याला वजनच नव्हतं. तेवढ्यात दारात आलेल्या कातरीन मावशीनं ते उजेडात धरलं आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "अगो, ही कात! आत काय नाय हिच्या. कात टाकून बसलीय कपारीत. अंग घट झालं का येल बाहेर. चार-पाच दीस वाजाची नाय."

त्या चार दिवसांइतकी आशा मी आयुष्यात कधी धरली नाही. आणि चारही दिवस मला ठाऊक होतं, की अंग घट्ट करायला जे लागतं ते त्या पाण्यात नाही. पाणी मीच केलं होतं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कातरीन मावशीनं दोन कॅन आणले. निळसर, स्वच्छ, जिवंत पाणी. मी ते ओतायला दगड हलवला. ती कपारीत होती. स्पर्शाला उकडलेल्या तांदळासारखी मऊ, आणि मेलेली.

मी तिला वाडीत पुरलं नाही, काही केलं नाही. फक्त पंप चालू ठेवला. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर निळ्या एअरमेलच्या कागदावर, उत्तर येत नसलेल्या पत्त्यावर, नेहमीसारखं पत्र लिहिलं. 'टायपिस्ट मजेत आहे. काल नऊ वेळा वाजली.' पुढच्या रविवारी अकरा वेळा. मग आई रोझरी म्हणत असताना वाजली. मग पाव्हणे आले तेव्हा वाजली, ते दचकले. मला इतकं चांगलं खोटं लिहिता येतं हे तोवर माहीत नव्हतं. आई दारावर येणाऱ्यांना सांगे, परवाच पत्र आलं. मी तिकडे लिही, ती जिवंत आहे. दोघी एकमेकींकडे बघत नसू. एव्हाना खेकडे गेले होते, समुद्रफूलही; घरात पंपाची घरघर चालू असे, रिकाम्या टाकीवर.

आगेरा आला आणि गेला. शेजारच्या मुली नव्या लोंब्या घेऊन चर्चला गेल्या. आईनं डॅडींचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. संध्याकाळी तो घडी करून पुन्हा पेटीत ठेवला.

डॅडी नोव्हेंबरात आले. न कळवता, भर दुपारी, एका कापडी पिशवीनिशी. दाढी पांढरी, मनगटावर घड्याळ नाही. एजंट पळून गेला होता, बोट बंदरानं अडकवून ठेवली होती, पाच महिने खलाशी बोटीवरच. शेवटी नुसता भात. बंदरावरच्या चर्चमधला कुणी भला माणूस माझी पत्रं मात्र नेऊन देत असे. सगळी पत्रं त्या पिशवीत होती. "तुम्ही का नाही लिहिलंत?" आईनं विचारलं. "खरं लिहवेना," ते म्हणाले. "आणि खोटं जमेना."

ते माझ्याकडे बघून म्हणाले नव्हते. तरी मी ती पत्रांची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली.

हात धुऊन ते टाकीसमोर जाऊन बसले. बसूनच राहिले. "आवाज नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कात टाकत असेल." आईच्या हातातला पेला तिथेच थांबला. डॅडींनी मान हलवली आणि कान काचेजवळ नेला.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसराही. जेवायला उठत आणि पुन्हा तिथे. मी स्वयंपाकघरातून त्यांची पाठ बघत होते. हाडं शर्टातून दिसत होती. ज्याच्यासाठी मी चार महिने तडफडले होते, तो माणूस परत आला होता, घरात होता, श्वास घेत होता. आणि मला त्याच्यापाशी जाता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटे पाणी उतरल्यावर मी बरणी घेऊन राजोडीला गेले. दुसरी टायपिस्ट सापडली तर. सुकतीला चिखल आणि खडक लांबवर उघडे पडले होते. मी गुडघ्यापर्यंत चिखलात उतरले. आणि ऐकलं. सगळीकडे. डाव्या हाताला, पायाखाली, खडकाच्या पोटातून, शेकडो. टक्, टक्टक्, टक्. जणू एखादं प्रचंड ऑफिस कामाला बसलं होतं. मी हातानं चिखल उपसायला लागले. जिथे हात घाली तिथला आवाज बंद होई आणि हातभर पलीकडे सुरू होई. नखं फुटली. एकही हाती लागली नाही. मी रडत होते, मोठ्यानं, आणि पहिल्यांदाच कोण बघतंय याची पर्वा नव्हती.

"राहू दे," मागून आवाज आला.

डॅडी खडकावर उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"ती मेली," मी म्हणाले. "ऑगस्टमध्येच. मी मारली. पाणी मागायला लाजले, म्हणून मिठाचं केलं. पत्रांत सगळं खोटं लिहिलं."

"मला ठाऊक होतं."

"कसं?"

"महिन्या-सव्वा महिन्यानं कात टाकते ती. तेव्हा चार-पाच दिवस गप्प बसते. ऑगस्टपासून तुझ्या एकाही पत्रात ती गप्प नव्हती. दर आठवड्याला वाजत होती." त्यांनी पँटची एक घडी आणखी वर चढवली. "जिवंत असती तर मधे गप्प बसली असती."

चिखल माझ्या बोटांवर वाळत होता. "मग तीन दिवस काचेला कान लावून का बसलात?"

 ते खडकावरून खाली उतरून माझ्यापर्यंत आले आणि माझ्या हातातली बरणी काढून घेतली.

"माझाच हिशेब चुकलेला असला तर बरं, असं वाटत होतं," ते म्हणाले.